व्याह्यांचा तवा

व्याह्यांनी तो बिडाचा तवा आजवर सख्ख्या भावालाही दिला नव्हता. घड्याळजींना दिला, तो केवळ सुनेने, म्हणजे घड्याळजींच्या मुलीने, शब्द टाकला म्हणून. लग्नाला आठ महिने झालेल्या मुलीने सासऱ्यांकडे टाकलेला हा पहिलाच शब्द. त्यामुळे अंगणातलं जेवण आटोपून पाहुणे ढेकर देत पांगले, तेव्हा मागे उरला तो नुसता तवा नव्हता. मुलीची सासरची अब्रूच शेगडीवर पालथी पडली होती, आणि ती काळीकुट्ट होती.

"बाबा, जपा हं," मुलगी बजावून गेली होती. "खानावळ बंद केली तेव्हा त्यांनी सगळं विकलं. हा एवढाच ठेवलाय."

घड्याळजींनी जपायचं ठरवलं, तिथेच घात झाला.

घड्याळदुरुस्तीच्या चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही वस्तू आली तशी परत गेली नव्हती. लोक पट्टा बदलायला यायचे आणि आतली चाकं धुऊन घेऊन जायचे. शेगडीची जाळी त्यांनी कढत पाण्यात बुडवली, चरबी साचलेला पत्रा राखेने घासला, कोपऱ्याकोपऱ्यात जुना दातांचा ब्रश फिरवला. तासाभरात सगळं लख्ख. मग तव्याकडे वळले.

"तो फडक्याने पुसा आणि देऊन टाका," बायको म्हणाली.

"अगं, व्याह्यांचा आहे."

"म्हणूनच सांगते."

"असा दिला तर म्हणतील, घड्याळजी आळशी."

"मी इतकी वर्षं म्हणतेय, त्याचं काही वाटलं नाही ते!"

कॉस्टिक सोड्यात तवा दीड दिवस भिजला. मग पात्याने खरवडणं, तारेच्या घासणीने घासणं. रविवारी पाचच्या सुमारास खालून राखाडी लोखंड दिसू लागलं, तेव्हा बंद पडलेलं घड्याळ कानाशी टिकटिकावं तसा त्यांना आनंद झाला. "बघ, मुळात हा काळा नव्हताच!"

साडेपाचला व्याही आणि मुलगी आले. व्याह्यांनी तव्याकडे पाहिलं. मग तव्याच्या मागे पाहिलं.

"आमचा कुठाय?"

"हाच की!"

मुलगी पायरीवर बसली.

व्याही सभ्य माणूस. सुनेच्या वडिलांवर ओरडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "बराच त्रास घेतलात," ते म्हणाले.

"छे हो, त्रास कसला!"

"एकवीस वर्षं तेल पाजून पाजून तो थर चढवला होता. म्हणून त्यावर काही चिकटत नसे."

घड्याळजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं; ते उतरवायचं कसं, त्यांना सुचेना.

चहा आला. तोवर तव्यावर तांबूस ठिपके उमटले. घड्याळजींनी रुमालाने पुसले. बिस्किटं येईपर्यंत पुन्हा उमटले. ते पुसत राहिले, गंज येत राहिला, आणि चौघंही हवापाण्यावर बोलत राहिली.

"काहीतरी उपाय असेलच ना?" शेवटी घड्याळजींनी विचारलं.

"आहे की. तेल लावून तापवायचा. एकवीस वर्षं."

"मी बहात्तरचा आहे हो."

"मी चौऱ्याहत्तरचा."

मग व्याही उठले, त्यांनी शेगडी पेटवली. तवा तापल्यावर घड्याळजींनी जुन्या सवयीने बोटाच्या टोकावरून तेलाचा एक थेंब सोडला.

"अहो, थेंब काय सोडताय? घड्याळ आहे का ते!" व्याही कडाडले.

आठ महिन्यांत ते पहिल्यांदाच घड्याळजींवर ओरडले होते. मुलीने दचकून वर पाहिलं, आणि इतका वेळ नुसत्याच हातात धरलेल्या चहाचा पहिला घोट घेतला.

वाटीभर तेल जिरलं, धूर झाला. नुकता घासलेला पत्रा पुन्हा चिकट झाला. घड्याळजींचा हात आपोआप बाजूला गेला. घासणी बायकोने आधीच उचलली होती.

"बसला पहिला थर," व्याही म्हणाले.

घड्याळजींनी आतून भिंग आणलं, डोळ्याला लावलं आणि तव्यावर वाकून पाहिलं. त्यांना काहीही दिसलं नाही.