येळवशीचं पातेलं

राजूबाईनं अकरा वर्षं जगभराच्या नावानं कांदाच चिरला. मैलूरच्या त्या मोठ्या हॉटेलात शेफ बदलत गेले, तशी कांद्याची नावं बदलत गेली. लांब काड्या केल्या की ज्युलियन, बारीक कणी केली की ब्रुन्वाज. तिला सगळं तोंडपाठ. पण शेगडीपाशी उभं राहायचा विषय काढला की एकच उत्तर, "अक्का, तुमचा हात चिरण्यात चांगला आहे." व्हय, आणि तुमचा बोलण्यात! हे ती मनातच म्हणायची.

औंदा नव्या शेफनं, शिवप्रसादनं, जगातल्या जेवणांचा आठवडाच काढला. इटलीचं मिनेस्ट्रोने झालं, हंगेरीचं गुलाश झालं, मोरोक्कोचं ताजिन झालं. शेवटचा दिवस आपल्या मुलखाचा, आणि तो नेमका येळवशीला आला. शिवप्रसाद म्हणाला, "अक्का, भज्जी तुम्ही करा. जमली तर उद्यापासून शेगडी तुमची."

त्या एका शेगडीपायी तिनं जन्मात पहिल्यांदा येळवशीचा दिवस शेताबाहेर काढला. एरवी मार्गशीर्षातल्या या अमावास्येला ती खजुरीला, भावाच्या शेतात. कडब्याची खोप, तिच्यात पूजा, मग बांधावरून जो जाईल त्याला हाताला धरून पंगतीला बसवायचं. ओळख ना पाळख. भुकेला आहेस का, हेसुद्धा विचारायचं न्हाई, सरळ वाढायचं. तिच्या भावानं, हरिबानं, आदल्या दिवशीच्या बसनं पोतंभर माल पाठवला होता: तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, वालपापडी, चुका, कांद्याची पात.

ही काही तळायची भजी न्हवं. सगळ्या शेंगांचे दाणे आणि पाला शिजवायचा, चिंचेचं पाणी घालायचं, बेसन लावायचं आणि रटरटू द्यायचं. बारा वाजेस्तोवर असा वास सुटला की गुलाशवाले पोरगेसुद्धा नाक वर करून बघायला लागले.

टेबलावर शिवप्रसादनं भज्जीच्या नावाचं कार्ड ठेवलं: 'रस्टिक लेग्यूम स्टू', म्हणजे गावठी शेंगांचा रस्सा.

"हे कुणाचं नाव?" राजूबाईनं विचारलं.

"पाहुण्यांना कळायला पाहिजे ना, अक्का."

"मिनेस्ट्रोने कळलं व्हय त्यांना? ताजिन कळलं? मग आमची भज्जीच कामून कळंना?"

शिवप्रसादनं कपाळावर आठ्या घातल्या, पण कार्ड बदललं. येळवशीची भज्जी. राजूबाईचा ऊर भरून आला. आता शेगडी कुठं जात न्हाई, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मल्लप्पा आला. सकाळपासून गेटावर उभा असलेला वॉचमन, हातात स्टीलची ताटली, मागं पाहुण्यांच्या गाड्यांचे तिघे ड्रायव्हर. आज येळवस, म्हणून बिनघोर आले बिचारे. राजूबाईनं पळी भरलीच होती.

"मल्लप्पा, स्टाफचं जेवण चारला," शिवप्रसाद मधी आला. "ही पंगत पैसे भरून कूपन घेतलेल्या पाहुण्यांची. चला, बाहेर."

मल्लप्पानं ताटली पाठीमागं लपवली आणि तो वळला. सहा फुटाचा माणूस, पार कानकोंडा झाला. राजूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, आज असं म्हणत न्हाईत. त्यांना वाढू द्या."

"हॉटेलचा नियम आहे, अक्का. शेगडी पाहिजे का नको तुम्हाला?"

पाहिजे होती. अकरा वर्षं पाहिजे होती. तिनं पळी खाली ठेवली, टेबलावरचं कार्ड उचललं आणि कमरेला खोचलं. "मग हे नाव तुम्हाला मिळायचं न्हाई. मल्लप्पा, धर एक कान पातेल्याचा."

दोघांनी पातेलं उचललं ते थेट गेटाबाहेर लिंबाखाली. मल्लप्पा आणि ड्रायव्हर बसले. समोरचा पंक्चरवाला बसला. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायांना राजूबाईनं दंडाला धरून बसवलं. मग आतले कूपनवालेही वासाच्या मागं मागं आले आणि धुळीत मांडी घालून बसले. त्यांनाही वाढलं. पळी थांबली न्हाई.

शिवप्रसाद तणतणत आला. "काय करायलाव हे? पातेलं हॉटेलचं आहे!"

"घासून देते. शेंगा माझ्या भावाच्या हायती."

"उद्यापासून येऊ नका कामावर!"

गेली शेगडी, कांदाही गेला. मग तिनं एक ताटली घेतली, काठोकाठ भरली आणि त्याच्यापुढं धरली.

"मी काय म्हणालो, ऐकू आलं न्हाई का?"

"आलं की. पण आज कुणालाच न्हाई म्हणायचं न्हाई, मग तुम्हालाच कसं म्हणू? सकाळधरून पोटात काय न्हाई तुमच्या, मी बघितलंय. बसा."

सगळे बघायला लागले. शिवप्रसादनं मल्लप्पाकडं पाहिलं. मल्लप्पा सरकला आणि त्यानं शेजारची जागा हातानं झाडली. शेवटी शिवप्रसाद बसला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग मान वर न करता खातच राहिला. ताटली रिकामी झाली तशी राजूबाईनं न विचारता पुन्हा भरली.

"उद्या नऊला या," तो ताटलीतच बघून पुटपुटला. "शेगडीवर."

राजूबाईनं कमरेचं कार्ड चाचपलं.

"उद्या जमायचं न्हाई," ती म्हणाली. "उद्या शिळी भज्जी खायला खजुरीला जायलेय. परवा येते."