पदर खोचलेला होता

भागोजी मीटिंगला गेला तो भांडायला गेला नव्हता. होळी जवळ आली होती. ठाण्यातला हवालदार गावात येऊन पोरांचं ग्रामरक्षक दल करणार होता आणि माळावर आगीची काळजी कशी घ्यायची ते सांगणार होता. भागोजीला वाटलं, चांगलं आहे, वर्षानं का होईना, कोणीतरी बोलतंय. त्याने पाण्याचा टँकर मारुतीच्या देवळामागे लावला, हातपाय धुतले आणि आत खांबाला टेकून बसला.

हवालदार नवीन बदलून आलेला, साधा माणूस होता. होळीभोवती लांबून दोरी बांधा, टायर टाकू नका, फटाके तर अजिबात आणू नका, बाजूला पाणी आणि वाळू ठेवा, असं तो एकेक सांगत गेला. लोक माना हलवत होते. मग दादू पाटील उठला. दादू हा गावचा पोलीस पाटील.

"आन बायांनी सुती साडी नेसायची," तो म्हणाला. "पदर कमरेला खोचायचा. गेल्या शिमग्याला आपल्या भागोजीच्या बायकूचं काय झालं ते समद्यांना ठाव हाय. नैवेद्य दाखवताना पदर सुटला आन पेटला. जराशी बेफिकिरी, आन जीव गेला."

सगळं देऊळ वळून भागोजीकडे बघायला लागलं, कीव करत. त्या नजरांनी त्याच्या अंगाचा भडका उडाला. पण पुढचं अजून व्हायचं होतं. दादूने दलाचा प्रमुख म्हणून नाव घेतलं ते विनेशचं, स्वतःच्या पुतण्याचं. टाळ्या वाजल्या. हवालदाराने विनेशच्या अंगावर नारिंगी जाकीट चढवलं आणि गळ्यात शिट्टी घातली.

"पाटील," भागोजी उभा राहिला. "गोदूचा पदर सुटला न्हवता."

"बस रं भागोजी. दुःख समद्यांनाच हाय."

"दुःखाचं नका सांगू मला. होळीत बॉक्स कोनी घातला ते सांगा. ज्यानं घातला त्याच्याच गळ्यात शिट्टी बांधताय व्हय?"

विनेश शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

"कसला बॉक्स?" हवालदाराने विचारलं.

"काय न्हाय, साहेब," दादू हळू आवाजात म्हणाला. "बायकू गेल्यापासून ह्याचं असंच चाललंय. चांगला मानूस हाय."

दोघांनी भागोजीला खांद्याला धरून प्रेमाने बाहेर आणलं. त्या प्रेमाचाच त्याला जास्त राग आला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

झालं होतं ते असं. विनेशचे ट्रेलर पोर्टावर कंटेनर ओढतात. भावाच्या लग्नातला शॉटचा एक बॉक्स उरला होता, आकाशात जाऊन फुटणाऱ्या शोभेच्या दारूचा. गंमत म्हणून त्याने तो कोणाला न सांगता होळीच्या बुडाशी, पेंढ्याखाली दडवून ठेवला. हे मागाहून त्याच्याच ड्रायव्हरांच्या तोंडून गावभर झालं. आग खाली पोचली तेव्हा वरची लाकडं ढासळली आणि बॉक्स आडवा झाला. शॉट आकाशात जायचे ते बायकांच्या बाजूला सुटले. गोदू नैवेद्याचं ताट घेऊन पुढे उभी होती. भागोजी तेव्हा एका कंटेनर यार्डात टँकरचं पाणी खाली करत होता. निरोप आला तेव्हा तिला उरणला दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथून पुढे मुंबईला. ती परत आली नाही.

दादूने सांगितलं तसं पंचनाम्यात लिहिलं गेलं, पदर पेटला. गावातल्या पुरुषांनी खाली सह्या केल्या. कोणी विनेशकडे ड्रायव्हर होता, कोणाचा पोरगा क्लीनर होता. भागोजी ठाण्यात दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा त्याला विचारलं, तू तिथं होतास का? तो तिथं नव्हता. तिथं विषय संपला.

देवळातून निघाला तो सरळ येसूबाईच्या ओटीवर गेला. येसूबाई शेजारची, गोदूच्या बाजूला तीच उभी होती. ती सुपात सुका जवळा निवडत बसली होती.

"काकी, आज भर देवळात परत तेच बोलले. तिचीच चूक. मेली ती मेली, वर बेफिकीर!"

"ऐकलं. ह्या भिंतीपलीकडंच देऊळ, बसल्या जागी समदं ऐकलं." तिचा हात सुपात थांबला. "पदर खोचलेला व्हता रं. तिचे दोनी हात ताटाला. मीच खोचून दिलता. म्हनलं, थांब गो, सांडशील."

"मला किती येळा सांगशील? त्यांना सांग ना!"

"बायांना इचारलं कोनी? आन माझा पोरगा कुनाच्या गाडीवर हाय ते तुला ठाव न्हाय?" तिने सूप बाजूला सारलं. "ती बोंबलत व्हती, भागोजी. कळवळून बोंबलत व्हती. आन समदा गाव तिच्यासंगं बोंबलत व्हता. शिमग्याची बोंब समजून. माझं लक्ष गेलं तवा ती खाली पडली व्हती."

भागोजीने ओटीच्या खांबावर मूठ आपटली. "मग यंदा बंद करा ती बोंब! लाज वाटत न्हाय?"

"शिमग्यात न्हाय बोंबलायचं तर कवा बोंबलायचं?" येसूबाई म्हणाली, आणि तिने सूप परत पुढे ओढलं.

गावची रीत अशी की होळी पेटली की कोणीही पुढे होऊन कोणाच्याही नावानं हाक द्यायची आणि सगळ्यांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकायची. ज्याचं नाव निघेल त्याने राग धरायचा नाही. त्या माळावर तलाठ्याचं नाव निघालं होतं, वजनात मारणाऱ्या वाण्याचं निघालं होतं, एकदा नळाच्या पाण्यावरून दादू पाटलाचंही निघालं होतं, आणि तो हसत उभा राहिला होता. वर्षात एकदा तोंडाला कुलूप नसायचं. हे भागोजीच्या डोक्यात तिथे ओटीवरच आलं.

होळीच्या दिवशी उन्हं उतरल्यावर त्याने टँकर भरून थेट माळावर आणला आणि दोरीला लावून उभा केला.

"होळीला पानी दाखवतोस?" दादू धावत आला. "आपशकून हाय! काढ गाडी!"

"आपशकून गेल्या साली झाला, पाटील. पानी न्हवतं म्हनून झाला."

हवालदार दोरीपाशी बंदोबस्ताला होता. तो म्हणाला, "राहू द्या टँकर. मीच सांगितलं होतं पाणी ठेवा." दादूचा चेहरा पडला. विनेश नारिंगी जाकीट घालून पोरांना दोरीमागे ढकलत होता, शिट्टी फुंकत होता, आणि खरं सांगायचं तर काम चोख करत होता. भागोजीला ते बघवत नव्हतं.

पुनवेचा चंद्र खाडीवर आला तेव्हा होळी पेटली. पेंढा भरभर जळाला, मधोमध उभं केलेलं सावरीचं खोड उजळलं, बायका नैवेद्याची ताटं घेऊन दोरीपर्यंत आल्या. पहिली हाक नेहमीप्रमाणे मोरूने दिली, तो गावचा चेष्टेखोर.

"हायवेच्या खड्ड्यांच्या नावानं!"

सगळा माळ बोंबलला. हसू उसळलं.

"माझ्या सासूच्या नावानं!"

त्याहून मोठी बोंब उठली. मोरूची बायको त्याला चप्पल दाखवत होती.

भागोजी टँकरच्या पायरीवर चढला.

"विनेशच्या नावानं!"

सवयीनं सगळ्यांचे हात तोंडाकडे गेले आणि बोंब उठली. विनेशसुद्धा हसला. त्याला वाटलं, जाकिटावरून चेष्टा चाललीय.

"लगनातला शॉटचा बॉक्स होळीत दडवणाऱ्याच्या नावानं!"

बोंब अर्ध्यावर तुटली. जे बोंबलत होते त्यांचे हात तसेच तोंडावर राहिले.

"पदर पेटला असं लिहून देनाऱ्या पोलीस पाटलाच्या नावानं! खाली सह्या करनाऱ्या समद्यांच्या नावानं!" भागोजीचा घसा फाटला. "मारा की बोंब! आता का गप? ती बोंबलत व्हती तवा तर लय जोर व्हता तुमाला! तिला जळताना साथ दिलीत, आता मला द्या!"

लाकडं तडतडत होती. दादू म्हणाला, "उतर खाली. दारू प्यायलाय ह्यो, साहेब." विनेशने शिट्टी तोंडात धरली, पण ती वाजली नाही.

"शिमग्यात राग धरायचा न्हाय, पाटील!" कोणीतरी मागून ओरडलं. बहुतेक मोरूच होता.

हवालदार दोरीखालून वाकून आत आला. "त्या दिवशी देवळात मी हेच विचारलं होतं. कसला बॉक्स?"

त्याने पुरुषांकडे पाहिलं. पुरुषांनी आगीकडे पाहिलं.

"पदर खोचलेला व्हता, साहेब," बायकांच्या बाजूने आवाज आला. येसूबाई ताट खाली ठेवून दोरीपाशी आली होती. "ह्या हातानं मी खोचला. ह्यांनी मला इचारलंच न्हाय. आग त्या बॉक्सातनं आली, आमच्या अंगावर. माझं लुगडं बी जळलंय, दावते घरी चला. बॉक्स कुनाचा ते त्यालाच इचारा, शिट्टीवाल्याला."

"आये, गप!" तिचा पोरगा गर्दीतून ओरडला.

"तू गप. मी वरीसभर गप व्हते."

हवालदार विनेशजवळ गेला. विनेशने काकाकडे पाहिलं. काकाने पाठ फिरवली. मग विनेश मान खाली घालून म्हणाला, "आडवा पडंल असं वाटलं न्हवतं."

हवालदाराने स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. "उद्या सकाळी ठाण्यात. तू, पाटील आणि या बाई. भागोजी, तुम्हीही."

भागोजीला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीतलं काहीतरी सैल होईल. तसं काही झालं नाही. राग होता तिथंच होता.

तेवढ्यात येसूबाईने तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकली. शेजारची दुसरी बाई लागली, मग तिसरी, मग दोरीमागच्या सगळ्या बायका. हसू नव्हतं त्यात. विनेश जागचा हलला नाही, आणि पुरुषांपैकी कोणाची त्यांना गप करायची हिंमत झाली नाही.

भागोजी पायरीवरून बघत होता. येसूबाई समोरच होती, आगीच्या उजेडात, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. सगळ्यात जोरात तीच ओरडत असणार. तो कान देऊन ऐकत राहिला, पण तिचा आवाज काही त्याला वेगळा काढता येईना.