वर रिकामीच येणारी खुर्ची

मित्रांनो, मी लालबागच्या एका चाळीतली जुनी सागवानी खुर्ची आहे. खुर्ची म्हटली की लोकांना ऐसपैस बसणं आठवतं, नाहीतर खुर्चीसाठीची भांडणं. माझ्या वाट्याला दोन्ही आलं नाही. मी आजारी माणसांना जिन्यावरून खाली उतरवते. आमच्या चाळीला लिफ्ट नाही, आणि जिना असा अरुंद नि उभा की त्यावर स्ट्रेचर वळतच नाही.

माझा जन्म मात्र ऑफिसात मिरवण्यासाठी झाला होता. गिरगावातल्या एका सुताराने मला घडवलं, हातांना गोलाई दिली, बैठकीला वेत विणला आणि गिरणीतल्या टाइमकीपरकडे पाठवून दिलं. पुढे गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला. सामान भंगारात निघालं, तेव्हा अप्पा नावाच्या साचेवाल्याने, म्हणजे मागावरच्या कामगाराने, मला डोक्यावर घेऊन चाळीच्या चौथ्या मजल्यावर आणलं. "जन्मभर हिच्यासमोर उभो रवलंय," तो घरात सांगत होता, "आता हिच्यावर बसतलंय." बसलाही बिचारा, पण फार दिवस नाही.

अप्पाचा मुलगा जयवंत. गिरणी गेल्यावर तो परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन झाला. दिवसभर बटणं दाबून लोकांना वर-खाली न्यायचं आणि संध्याकाळी स्वतः मात्र सगळे जिने चढून घरी यायचं, असं त्याचं नशीब. एका सकाळी अप्पाला धाप लागली ती थांबेना. तेव्हा जयवंतने त्याला माझ्यावर बसवलं, साच्याचा एक जुना पट्टा कमरेभोवती बांधला, पुढचे पाय स्वतः धरले आणि मागची बाजू शेजारच्या कुशाबाला दिली. "अप्पा, मान आत घ्या, वळण आलं," असं म्हणत ते दोघे मला उतरवत गेले. अप्पा हॉस्पिटलातच गेला.

संध्याकाळी जयवंत मला उचलून वर न्यायला निघाला. त्याची बायको कमल फाटकाशी उभी होती. माझी रिकामी बैठक पाहून तिला हुंदका आवरेना. "अशी रिकामी नका हो नेऊ हिला. बघवत नाही," ती म्हणाली, आणि हातातला दळणाचा डबा तिने माझ्यावर ठेवला.

झालं, चाळीत तोच रिवाज पडला. मी खाली माणूस घेऊन जायचे आणि वर येताना कधी गावाहून आलेलं तांदळाचं पोतं, कधी कोबीचे गड्डे, एकदा तर कुणाचा दुरुस्त करून आणलेला मिक्सर घेऊन यायचे. तुम्हाला हसू येईल. पण मला एकदाच, फक्त एकदा, खाली गेलेलं माणूस परत वर आणायचं होतं.

सुरुवातीला माझं कौतुक कोण! 'जयवंताची अ‍ॅम्ब्युलन्स' म्हणायचे मला. तिसऱ्या मजल्यावरची सुंदराबाई खाली जाताना म्हणाली होती, "जयवंता, लग्नातसुद्धा मला कुणी असं उचललं नव्हतं रे!" सगळा जिना हसला. तीही परत आली नाही.

मग हळूहळू लोकांच्या नजरा बदलल्या. वरच्या गॅलरीतून काढून मला तळाला, जिन्याखाली ठेवू लागले. मी जिन्यात दिसले की बायका पोरांना आत ओढायच्या. म्हातारी माणसं लांबूनच हात जोडायची, देवाला नव्हे, मला, आणि मनात म्हणत असणार, बाई, आमच्याकडे येऊ नको. घरात कुणी आजारी पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "खुर्ची नको हं, बरं वाटतंय आता." दोन दिवस काढे, चार दिवस अंगारे. माणूस अगदीच मरायला टेकला की मग धावाधाव, "अरे, खुर्ची आणा, खुर्ची!" त्या वेळी मी काय करणार? माझ्यामुळे माणसं जात नव्हती. जायला निघाली की मगच मला बोलावत होते. पण खापर फोडायला खुर्चीइतकं बरं डोकं कुठे मिळणार! ही गोष्ट चाळीत एकट्या जयवंतला कळली होती. तो दारोदार सांगायचा, "खुर्ची खात नाही कुणाला. उशीर खातो."

म्हणूनच पुढे जे झालं ते मला अजून सोसत नाही.

सकाळी नळाला पाणी आलं होतं. कमल पिंप भरत होती. जयवंत उंबऱ्यावर बसला तो डावा हात धरून. कपाळावर घामाच्या धारा. कमलने एक नजर टाकली आणि कुशाबाला हाक मारली. कुशाबाने जिन्याखालून मला उचललं आणि धापा टाकत वर आणलं.

जयवंतने मला पाहिलं. दर दसऱ्याला मला तेलपाणी करणारा, माझी सैल झालेली वेतपट्टी स्वतः ओढून घेणारा हा माणूस. त्याच्या डोळ्यांत मला तीच भीती दिसली, जी मी दारोदार पाहिली होती.

"माका नको ती खुर्ची," तो म्हणाला.

"अहो, बसा! तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"लोकांका सांगूक ठीक आसा, कमल. जन्मभर मी हिका उचललंय. एकय माणूस परत इलो नाय. मी चलत जातंय."

"अरे बस ना जयवंता, हट्ट काय करतोस!" कुशाबा ओरडला. कमलने जयवंतची बाही धरली, पाया पडते म्हणाली. जयवंत कसनुसा हसला. "लिफ्टमन आहे मी. खाली जायला मला कोण शिकवणार?" आणि कठड्याला धरून तो उतरू लागला.

पुढे तो, त्याला धरून कमल, मागे कुशाबाच्या हातात रिकामी मी. लोक बादल्या हातात घेऊन दारात उभे होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. वळून त्याने माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि माझा हात घट्ट धरला.

"दे," तो म्हणाला. "बसतंय."

आणि गुडघ्यांतून खाली गेला.

मी त्याला खाली नेलं. पट्टा कुशाबाने बांधला, पण तो पुन्हा पुन्हा सुटत होता, कारण कुशाबाच्या बोटांना गाठ मारता येत नव्हती. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, एवढे जिने त्याने पायी उतरायला नको होते. त्या दिवशी मला वाटलं, गिरणीबरोबर आपणही भंगारात गेलो असतो तर बरं झालं असतं.

चाळीच्या चौकात सगळं झालं आणि पुरुषमंडळी त्याला भोईवाड्याच्या स्मशानात घेऊन गेली. मी फाटकाशी होते. शेजारची रखमा लगबगीने घरातून नारळ घेऊन आली आणि माझ्यावर ठेवू लागली. कमलने तिचा हात धरला.

"नको गं रखमा. राहू दे रिकामी. रिकामीच आहे ती."

तिने मला कुणाला हात लावू दिला नाही. मजल्यामजल्यावर टेकत ती एकटी मला वर घेऊन गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला ठेवून ती खूप वेळ उभी राहिली. बसली नाही.

तेव्हापासून मी जिन्याखाली नसते. कमलच्या दारात असते. चाळीत कुणी नुसतं "छातीत जळजळतंय" म्हणालं तरी ती मला घेऊन दारात हजर. लोक आधी चिडले. मग ऐकू लागले. तिच्यापुढे बोलणार कोण?

गेल्या महिन्यात कुशाबाच्या छातीत कळ आली.

"अ‍ॅसिडिटी असेल हो वहिनी, काल वडे जरा जास्त झाले."

"बसा."

"अहो, पण..."

"बसा म्हटलं ना!"

कुशाबा निमूट बसला. पट्टा कमलने बांधला. गाठ पक्की बसली.

आणि मित्रांनो, तो परत आला! डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती, म्हणून चाळीतल्या पोरांनी त्याला माझ्यावरच बसवून वर आणलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर जिवंत माणूस वर येत होता. दारं उघडली, लोक बाहेर आले. कमलने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "वहिनी, कोबी समजून आणलंय मला!" कुशाबा म्हणाला, आणि कमल मोठ्याने हसली.

माझं मागणं फार नाही. मरण कुणाला चुकलेलं नाही, खुर्चीलाही नाही. आमच्या जागी टॉवर उठला की माझंही सरपण होईल. पण भीतीपोटी आपल्या माणसाला उशीर करू नका. मला लवकर बोलवा, म्हणजे मला परत वर येता येईल.

कुशाबा परत आला त्या दुपारी सगळे आपापल्या घरी गेले. गॅलरीत कमल आणि मी. तिने पदराने माझी बैठक पुसली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर बसली. साच्याचा पट्टा मांडीवर घेतला. जिन्याकडे पाहत हळूच म्हणाली, "एवढंच होतं हो. नुसतं बसायचं होतं."