रॅमचं पेपर कटिंग

दोन हजार दहा साल होतं, आणि वार शनिवार. वार पक्का लक्षात आहे, कारण शनिवारी 'चष्मा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लॅपटॉपवाल्याचं दुकान दुपारी एकलाच बंद व्हायचं, आणि त्या दिवशी सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

टेलरमावशींनी तोवर तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. तीच निळी कॉलर, तोच चौकोनी खिसा, तीच चुणीदार बाही. डोळे मिटूनही हात चालले असते. मग एके दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या नाट्यगृहातून वेशभूषेच्या बाई एक चित्र घेऊन आल्या. राजदरबाराच्या प्रसंगासाठी चोवीस झगे हवे होते. जमिनीवर लोळणारे घेर, कोपरापासून उमलणाऱ्या बाह्या, उभ्या ताठ कॉलरी. चित्र बघता बघता मावशींचे हात शिवशिवायला लागले.

"महिन्याभराने, शनिवारी चारला येते," बाई म्हणाल्या होत्या. "चोवीसच्या चोवीस झगे कापडावर कसे बसतात ते मला एकत्र दिसायला हवं. दिसलं तर काम तुमचं. नाहीतर कारखान्याला द्यावं लागेल, त्यांच्याकडे मशीनवर सगळं तयार असतं."

मशीन मावशींकडेही होतं. भाचीने स्वतःला नवा घेतल्यावर जुना लॅपटॉप मावशीला दिला होता आणि कपडे बेतायचा प्रोग्रॅमही घालून दिला होता. माणसाची मापं भरली की झगा पडद्यावर आपोआप उमटायचा. तीन आठवड्यांत मावशी तो शिकल्या. नटांची मापंही सगळी भरून झाली. पण लॅपटॉप चार झग्यांपर्यंत गुणी बाळासारखा चाले, पाचव्याला धापा टाकी आणि सहाव्याला पडदा पांढराफटक पडे.

शनिवारी सकाळी नवव्यांदा पडदा पांढरा झाला तेव्हा नणंद काजं करता करता म्हणाली, "वहिनी, त्याला झोपू द्या जरा. बिचाऱ्याने जन्मात एवढे झगे पाहिले नसतील."

"वन्सं, थट्टा पुरे. भाचीला फोन लावा."

भाचीचं उत्तर सरळ होतं. "मावशी, रॅम कमी पडतेय. एकच जीबी आहे त्यात. पाठीमागचं छोटं झाकण उघड, दोन जागा दिसतील. एक भरलेली असेल, एक रिकामी. रिकामीत नवी पट्टी घालायची. पण जातीला जात जुळली पाहिजे हं, आतली काढून दुकानात घेऊन जा. आणि हात लावायच्या आधी चार्जर काढ, बॅटरी काढ, लोखंडाला हात लाव."

मावशींनी शिवणयंत्राच्या लोखंडी पायाला हात लावला, मशीनच्याच पेचकसाने दोन स्क्रू सोडले आणि झाकण उघडलं. आत खरंच बोटभर लांबीची हिरवी पट्टी होती. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग आणि त्या रांगेत एक खाच. वरचं लेबल मात्र उडून गेलेलं. शेजारची जागा रिकामी होती. ती रिकामी जागा बघूनच मावशींचा जीव हरखला. एवढीशी फट भरली की चोवीस झगे!

आता मावशींचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा मूळ कपडा घराबाहेर न्यायचा नाही. पूर्वी एकदा बटणं जुळवायला नेलेली एक बाही दुकानात हरवली होती, तेव्हापासून कपडा घरी आणि कागदी बेत पिशवीत. लॅपटॉपची पट्टीही त्यांना तशीच वाटली. त्यांनी ती ब्राऊन पेपरवर ठेवली, कडेने पेन्सिल फिरवली, खाचेच्या जागी कात्रीचं टोक मारलं, कागद कापला आणि पट्टी परत जागच्या जागी बसवली.

"काय बाई काम!" नणंद हसली. "रॅमचं पेपर कटिंग. आता अस्तर कुठलं लावता?"

चष्म्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचा चष्मा कायम कपाळावर असायचा, म्हणून त्याला सगळे चष्माच म्हणत. तो मान खाली घालून एका उघड्या लॅपटॉपच्या पोटात सोल्डरचा डाग देत होता.

"रॅम हवीय," मावशी म्हणाल्या. "एक आहे, एक जागा रिकामी आहे. किती घालू? कामाला चोवीस झगे आहेत."

"झगे?" चष्म्याने मान वर केली नाही. "दोनाची घाला, तीन होतील. चार करू नका, तुमच्या जुन्या विंडोजला तीनाच्या फार पुढे मोजताच येत नाही. जात कुठली? जुनी की नवी?"

"ते तुम्ही सांगा. हा बेत आणलाय."

"लांबी सगळ्यांची सारखीच असते, मावशी. खाच कडेपासून किती अंतरावर आहे ते सांगा. जुनीची दीड सेंटिमीटरच्या आसपास, नवीची अडीचच्या."

मावशींनी गळ्यातली टेप कागदाला लावली. "अडीचच्या जरा वरच."

"मग नवी." चष्म्याने कपाटातून एक पाकीट काढून पुढे सरकवलं. "दाबून बसवायची नाही. तिरकी घालायची, मग खाली वाकवायची. टक् आवाज आला पाहिजे."

मावशी जवळजवळ पळतच घरी आल्या. बारा वाजत आले होते. पुन्हा लोखंडाला हात लावून त्यांनी पट्टी तिरकी धरली. बसेना. उलटी धरून पाहिली. खाच पुढे गेली, तरी बसेना.

"दाबा की थोडं," नणंद खांद्यावरून वाकली.

"वन्सं, कपडा तंग आला तर माणसाला दाबून बसवतो का आपण?"

"काही काही लग्नात बसवलंय की!"

मावशींना हसू आलं नाही. त्यांनी आतली जुनी पट्टी काढून नवीशेजारी ठेवली. लांबी सारखी, पण खाच निराळ्या जागी. "पण मी मोजलं होतं," त्या पुटपुटल्या. "अडीच. माझं माप चुकत नाही हो."

नणंदेने कागदी बेत उचलून जुन्या पट्टीवर ठेवला. पट्टी कागदाखाली पार दिसेनाशी झाली. नणंदेने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि हातातलं काज टाकून पोट धरून हसत सुटली.

"अहो वहिनी! शिलाईची माया सोडलीत! रॅमला!"

तीस वर्षांची सवय. पेन्सिलीच्या रेघेवर कात्री चालवणं मावशींच्या हाताला ठाऊकच नव्हतं. चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर जादा ठेवून त्यांनी कागद कापला होता, आणि दीडाचे अडीच झाले होते.

"किती वाजले?"

"पाऊण. पळा!"

या वेळी मावशींनी नियम मोडला. मूळ पट्टीच रुमालात गुंडाळली, न बसलेली नवी परत पाकिटात घातली आणि पायात सापडतील त्या चपला घालून निघाल्या. त्यातली एक नणंदेची होती. चष्मा शटर अर्ध्यावर आणून कुलूप शोधत होता.

"थांबा! माया सोडली होती!"

"कुणाची?"

मावशींनी कागद आणि पट्टी त्याच्या हातात दिली. चष्म्याने चष्मा डोळ्यांवर आणला, कागद पट्टीवर ठेवला, आणि तोही हसला. "मी वर बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. माझीही चूक झाली." त्याने शटर वर ढकललं, जुन्या जातीची दोनाची पट्टी शोधून बदलून दिली आणि म्हणाला, "हा कागद मला ठेवू द्या."

सव्वाला घरी पहिला टक् आवाज झाला. जुनी बसली. मग दुसरा टक्. नणंद म्हणाली, "हुकासारखाच वाजतो की!" लॅपटॉप सुरू झाला. मावशींनी भाचीने सांगितलेल्या जागी पाहिलं. तिथे तीनचा आकडा होता. मग त्यांनी एकेक झगा उघडायला सुरुवात केली. पाचवा आला. सहावा आला. दहाव्याला नणंदेने खुर्ची ओढली. अठराव्याला दोघी मोठ्याने मोजू लागल्या. चोविसावा झगा पडद्यावरच्या कापडाच्या कोपऱ्यात अलगद बसला तेव्हा मावशींनी वन्संना चक्क मिठी मारली.

चारला बाई आल्या. पडद्यावरचे झगे त्यांनी बोटाने एकेक करून मोजले. मग म्हणाल्या, "बाह्या अजून चार बोटं रुंद करता येतील? सगळ्यांच्या?"

मावशींनी एक आकडा बदलला. चोवीस झग्यांच्या अठ्ठेचाळीस बाह्या बाईंच्या डोळ्यांदेखत एकदम फुलल्या, आणि कापडावर सगळे पुन्हा सरकून नीट बसले.

"कापायला कधी घेता?" बाईंनी विचारलं.

त्या नाटकाचे पुढे भरपूर प्रयोग झाले. मावशींनी आणखी नऊ वर्षं रंगमंचासाठी शिवलं, आणि गणवेशाची निळी कॉलर पुन्हा हातात धरली नाही. मोतीबिंदूनंतर कात्री ठेवली. वेशभूषेच्या बाई दुसऱ्या शहरात गेल्या, पण कापड निवडताना फोन मावशींनाच करत. भाचीने नंतर दोनदा नवा लॅपटॉप देऊ केला, मावशींनी दोन्ही वेळा नको म्हटलं. नणंद आता त्याच खोलीत मुलींना काजं शिकवते, आणि तिची ती एक चप्पल अजून वहिनीकडे आहे असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. चष्मा आता फोन दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर ब्राऊन पेपरचा एक तुकडा चिकटवलेला आहे, आणि कोणी माप सांगायला लागलं की तो आधी विचारतो, "माया धरून की सोडून?"