एका कार्डावर एक पाहुणा

विमानतळावरच्या लाउंजमध्ये बावीस प्रकारचे चहा होते, पाय दाबून देणारी खुर्ची होती, बूट चमकवणारं यंत्र होतं, सिगारेट ओढणाऱ्यांसाठी काचेची वेगळी खोलीही होती. बाईनं दार लावून वीस मिनिटं बसावं अशी जागा मात्र नव्हती. म्हणून तिनं आंघोळीचं टोकन घेतलं. पांढरेशुभ्र टॉवेल, वासाचे साबण, सगळं होतं तसं ठेवलं, कमोडचं झाकण पाडून त्यावर बसली आणि दुधाचा पंप लावला. वीस मिनिटं यंत्र घरघरत राहिलं. बाटलीत बोटभरसुद्धा दूध जमलं नाही.

बाहेर एक गृहस्थ टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. "इतका वेळ आत, आणि पाण्याचा आवाजसुद्धा नाही," ते हवेला सांगितल्यासारखं म्हणाले. मघाशी याच गृहस्थांनी सूप परत पाठवलं होतं. "हे पाणी म्हणून दिलं असतं, तर मी काही बोललो नसतो," असं वाढणाऱ्याला ऐकवलं होतं आणि तक्रारीचा फॉर्म मागून घेऊन पाठपोट भरला होता. तिनं मनातल्या मनात त्यांचं नाव तक्रारबुवा ठेवून टाकलं होतं. त्यांच्याकडे न बघता ती सटकली.

ती हॉस्पिटलांतली एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करायची. लेक, गुंडी, पाच महिन्यांची झाली आणि कंपनीनं पहिल्यांदाच परदेशी पाठवलं, तेही बिझनेस क्लासनं. नवरा जहाजावर. गुंडीला सांभाळायला नणंद येऊन राहिली होती. चार दिवसांचं दूध ती घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून आली होती. इथं आल्यावरही तिनं पहिले दोन दिवस घड्याळ लावून दूध काढलं, हॉटेलातल्या फ्रीझरमध्ये गोठवलं. चौदा पिशव्या भरल्या. तिसऱ्या दिवशी तापानं फणफणली आणि दूध आटायला लागलं.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "घाबरू नका, दोन-तीन दिवसांत परत येईल. तोवर साठवलेलं पाजा. बाहेरचं काही देऊ नका." बाहेरचं देण्याची तिची छातीच नव्हती. डब्यातली पावडर गुंडीला दोनदा दिली होती, दोन्ही वेळा शीतून रक्त पडलं. दुसऱ्या वेळी सहा दिवस हॉस्पिटलात काढले होते. तेव्हा ते एवढंसं मनगट, त्यात टोचलेली सुई आणि सुई हलू नये म्हणून बांधलेली पुठ्ठ्याची पट्टी, हे सगळं अजून डोळे मिटले की समोर यायचं.

म्हणजे हिशेब सरळ होता. घरी आता दोन पिशव्या, आज संध्याकाळपर्यंत पुरतील एवढ्या. बाकी जे काही होतं ते या चौदा पिशव्यांत.

सकाळी विमानाला उशीर आहे असं कळलं, तेव्हा तिच्या बॅगेतले बर्फाचे चौकोन मऊ पडायला लागले होते. तिनं धीर करून लाउंजच्या स्वयंपाकघरात डोकावलं. तिथल्या मावशींनी पिशव्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"केवढं बाळ?"

"पाच महिन्यांचं."

"आण इकडे. बर्फाच्या ट्रेमागं ठेवते. कुणाजवळ बोलू नकोस हं, बाहेरचं ठेवायला बंदी आहे इथं."

त्यामुळे पिशव्यांवर नाव घातलं नाही, चिठ्ठी लावली नाही. सगळं गुपचूप.

एक वाजता पडद्यावर अक्षरं बदलली. विमान उद्या सकाळी नऊला. ती तशीच उठली आणि बाहेरच्या तिकीट खिडकीकडे धावली. खिडकीतल्या माणसानं बराच वेळ कळा दाबल्या.

"दोन चाळीसला दुसऱ्या कंपनीचं आहे. शेवटच्या रांगेत मधली सीट. बिझनेसमध्ये जागा नाही."

"पंखावर बसवा, पण पाठवा."

तो हसला. जुना पास त्यानं फाडून टाकला, नवा हातात दिला. तिला वाटलं, जग जिंकलं.

लाउंजच्या दारावर नवा पास यंत्राला लावला, तर लाल दिवा लागला. पुन्हा लावला. पुन्हा लाल.

दारावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हा इकॉनॉमीचा पास आहे."

"माहीत आहे. अहो, मी आत्ता तर इथून गेले. तुम्हीच मला पाणी दिलंत. माझ्या पिशव्या आत राहिल्यात."

"सीटवर राहिल्यात का? मी कुणाला तरी बघायला सांगते."

"फ्रीझरमध्ये आहेत. बाळाचं दूध."

मुलीचा चेहरा बदलला. "फ्रीझरमध्ये बाहेरचं ठेवत नाहीत. आणि आतलं खाणंपिणं दाराबाहेर देता येत नाही, कॅमेरा आहे डोक्यावर."

"ते आतलं नाहीच. माझं आहे. माझ्या अंगातलं आहे." आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. "स्वयंपाकघरातल्या मावशींना विचारा ना."

"त्यांची ड्यूटी एकला संपली."

"पैसे भरून आत येते मी."

"आज विमानं रखडलीत, गर्दीमुळे ते बंद केलंय. जुना पास असता तर सोडलं असतं."

जुना पास. म्हणजे परत खिडकीवर जायचं, उद्याचं तिकीट मागायचं, सोफ्यावर बसून दूध राखायचं आणि तिकडे गुंडी रात्रभर उपाशी. नाही तर आज जायचं, रिकाम्या हातांनी आणि रिकाम्या अंगानं. तिनं काउंटरची कड घट्ट धरली. घड्याळात एक बेचाळीस झाले होते. दोन वीसला गेट बंद होणार.

"दुसरा काहीच मार्ग नाही का? तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते करते."

मुलगी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "सोनेरी कार्डवाल्याला एक पाहुणा आत नेता येतो. पण पाहुणा त्याच विमानाचा लागतो."

त्याच विमानाचा! आणि त्या विमानाची माणसं तर आता लाउंजमधून बाहेर पडत होती.

मग ती बाहेर पडायच्या दारापाशी उभी राहिली. येईल त्याला विचारू लागली, "तुम्ही दोन चाळीसच्या विमानाला का? तुमच्याकडे सोनेरी कार्ड आहे का? मला पाच मिनिटांसाठी पाहुणी म्हणून आत न्याल?" पहिल्यानं कानातला इअरफोन न काढताच नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि असा हसला, की तिला अंगावरची ओढणी कमी पडली. एका बाईनं सगळं ऐकून घेतलं, तिच्या दंडावर हात ठेवला. "कळतं हो मला, मलाही दोन आहेत," असं म्हणाली आणि चाकांची बॅग ओढत गेटकडे निघून गेली.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

"अगं, शेवटची पिशवी वितळायला काढलीय. तुझी लेक आत्ताच एक फस्त करून डोळे वटारून बसलीय, मालकीणच जशी. निघालीस ना?"

"निघाले, ताई."

"आवाज का असा येतोय?"

"एसी फार आहे इथं."

"मग शाल घे. आणि रात्री तिला तूच पाज बाई, मला बाटलीसकट ढकलते ती."

फोन ठेवला आणि समोर बघते तर तक्रारबुवा. हातात कोट, कपाळावर आठी. तिनं तोंड फिरवलं, पण लाज राखायला वेळ कुठे होता?

"तुम्ही दोन चाळीसच्या विमानाला?"

"तुम्ही त्या शॉवरवाल्या." त्यांनी ओळखलं.

तिनं चार वाक्यांत सांगून टाकलं. शॉवरमध्ये ती काय करत होती तेसुद्धा. ते ऐकत असताना त्यांची आठी अजिबात हलली नाही.

"नियम नेमका काय म्हणाली ती?"

"त्याच विमानाचा एक पाहुणा."

ते वळले आणि सरळ काउंटरवर गेले. "ही माझी पाहुणी."

"सर, तुम्ही बाहेर पडलात."

"मग परत आलो. परत येऊ नये असं कुठे लिहिलंय ते दाखवा. हा बघा, वाचायला चष्मा काढला."

मुलीनं कार्ड घेतलं. खरं तर ती हेच व्हावं म्हणून थांबल्यासारखी होती. हिरवा दिवा लागला.

स्वयंपाकघरात नवा माणूस होता. तिनं फ्रीझर उघडला, ट्रे ओढले, मागं हात घातला. मागं बर्फाच्या नव्या पिशव्या ठासून भरलेल्या होत्या, दुसरं काही नाही.

"त्या पिशव्या होय," तो म्हणाला. "वर नाव नाही, गाव नाही. मला जागा हवी होती, बाहेर काढल्या. टाकणारच होतो."

पिशव्या मोरीत होत्या, लिंबाच्या पिळलेल्या फोडींवर.

"किती वेळ झाला काढून?"

"अर्धा-पाऊण तास."

तिनं एक उचलली. वरून मऊ. मधला भाग कळेना, आणि दाबून बघत बसायला वेळ नव्हता. तक्रारबुवांनी तिच्या हातातून बॅग घेतली आणि तोंड उघडून धरली. तिनं एकेक पिशवी पुसून आत ठेवली.

"यावर बर्फ टाका," ते त्या माणसाला म्हणाले.

"सर, बर्फ बाहेर नेता येत नाही."

"माझ्या पेयासाठी हवाय."

"पेय कुठंय?"

"ते माझं मी बघतो. तुम्ही टाका."

गेटवर ते दोघं शेवटचे पोचले. विमानात तक्रारबुवा पडद्याच्या पुढं, बिझनेसमध्ये गेले, ती मागं, अगदी शेवटच्या रांगेत. त्यांचे आभार मानायचे राहिले हे तिला पट्टा लावताना आठवलं.

बॅग मांडीवर घेऊन तिनं चेन दोन बोटं उघडली. डॉक्टरीणबाईंचं वाक्य पाठ होतं: मध्ये खड्याएवढा जरी बर्फ असला तरी परत गोठवता येतं, पूर्ण पातळ झालं की एका दिवसात संपवायचं, उरलेलं फेकायचं. एका दिवसात गुंडी सहा पिशव्या पिते. म्हणजे उद्या रात्रीनंतर काय, हे सगळं त्या खड्यावर होतं.

तिनं पहिली पिशवी अंगठ्यानं दाबली. पातळ. दुसरी. पातळ. तिसरीही तशीच. चौथी दाबताना तिनं डोळे मिटले. अंगठ्याखालून काहीतरी टणक, वालाएवढं, निसटून बाजूला गेलं. तिनं ते पुन्हा शोधलं, पुन्हा सापडलं. थोडं लहान वाटलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिचा हात गरम आहे.

अजून दहा पिशव्या बघायच्या होत्या. तिनं हात बाहेर काढला, चेन लावली, बॅग खाली दोन पावलांमध्ये ठेवली आणि आपले दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. घर तीन तासांवर होतं.