गळ्यातला उंबरठा

"दात तुमच्या पोराने लावला, सरकार, आणि चोर ठरवलंत मला."

सुताराची पोर भर दरबारात हे बोलली आणि थोरल्या सरकारांचा पेला ओठांपाशीच थांबला. त्या म्हाताऱ्या व्हॅम्पायरच्या तोंडावर बोलण्याची कुणाची छाती नव्हती. पण हिला सगळे सुताराच्या धारदार हत्यारावरून पटाशीच म्हणायचे. हाताला धार होती, जिभेला त्याहून जास्त.

दरबाराचा कायदा असा, की जिला दात लागला ती लावणाऱ्याची. पटाशी त्याच्याकडे नांदायला गेली नाही. स्वतःचाच देह घेऊन घरी बसली, म्हणून चोर.

प्रेम होतं, ते ती नाकारत नव्हती. थोरल्यांचा लेक, धाकटे सरकार, रोज संध्याकाळी सुतारकामाच्या खोलीबाहेर उभे राहायचे. रंध्यातून निघालेलं लाकडाचं सालपट तिने एकदा त्यांच्या बोटात अंगठीसारखं अडकवलं, तर ते वाळून मोडेपर्यंत त्यांनी काढलं नाही. आत मात्र कधी आले नाहीत. घरच्याने स्वतःच्या हाताने बसवलेला उंबरठा त्याने 'या' म्हटल्याशिवाय ओलांडला, तर व्हॅम्पायरची गादी जाते. कुळाची अब्रू ती.

मग एके दिवशी पटाशीच बाहेर आली. ते तिच्या मानेवर वाकले तेव्हा ती नको म्हणाली, दोनदा म्हणाली. मनगट निळं पडेस्तोवर दाबून त्यांनी दात लावला. नंतर रडले म्हणे.

बापाने आधी समजावलं, बाई, बड्या लोकांशी वाकड्यात शिरू नये. मग लेक काय घडवतेय ते त्याने पाहिलं, आणि मुकाट्याने तिच्या हातात काचकागद दिला.

दरबारात थोरले सरकार आता मायेने बोलू लागले. भूक आणि प्रेम एकदम उसळलं की आमच्या रक्ताला थांबता येत नाही, पोरी, त्याचा काय दोष? आणि लेकाला म्हणाले, घेऊन जा हिला.

धाकटे सरकार पुढे झाले. पटाशीने पिशवीतून लाकडाच्या दोन अर्धगोल पट्ट्या काढल्या, गळ्याभोवती जुळवल्या आणि खुंटी ठोकून बसवल्या.

"हा देह माझं घर. उंबरठा माझ्या हातचा. मी 'या' म्हटलेलं नाही."

धाकट्या सरकारांचा हात तिच्या मानेपासून वीतभर अंतरावर अडला. दरबार बघत होता. गादी बघत होती. हात खाली आला.

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, कुणाची रे ही? तिच्यासोबत आलेला बाप म्हणाला, "माझी," आणि कधी नव्हे तो ताठ उभा राहिला.

पटाशीने धाकट्या सरकारांकडे पाहिलंही नाही.

"थांबला की हो तुमचा लेक, सरकार. भूक तीच, मान तीच. गादीसाठी थांबता येतं, तर माझ्या 'नको'साठी का नाही? मी इथून हलत नाही. उत्तर द्या."