भिवाजीच्या लवंगा

"तोंडाचा वास घेऊ नको माय, पेलो नाही मी," चपला काढता काढता मोरेश्वर म्हणाला.

नागपूरच्या बसमधून उतरून तो सौंसरच्या बाजारातून चालत आला, तेव्हा त्याचे पाय जरा नाचतच होते. पानठेल्यावरच्या दोघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं होतं. भिवाजीचा पोरगा शेवटी बापावरच गेला, दुसरं काय! आज मात्र त्याला राग आला नाही, उलट हसू आलं.

संत्र्याची कलमं बांधण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रोपाच्या सालीला चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब, आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. पण एकोणीसशे पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात, ऐन चाळिशीत, चाकू आपल्या मनानं उडायला लागला. म्हणून त्यानं नागपूर गाठलं होतं.

"काय सांगतलं मंग डॉक्टरनं?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"मेंदूचा रोग आहे, रक्तातूनच येते म्हणे हे. आज्याले साठीत आलं, बाबाले पन्नाशीत, मले चाळिशीत. बापाकडून आलं का पुढच्याले लवकर गाठते. काहून, ते त्यायलेबी अजून ठाऊक नाही."

"औषध?"

"नाही. पण माय, बाबा पेत नव्हते. हातपाय नाचत, जीभ अडखळे, ते सारं याच्यानंच."

वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी पंचफुलाबाईंनी नवऱ्याचं तोंड हुंगलं होतं. वास यायचा तो लवंगेचा. दाढ दुखते, असं भिवाजी सांगायचा. दारू लपवायलाच लवंग चघळतो, असं त्या धरून चालल्या. भजनी मंडळानं त्याच्या हातचे टाळ काढून घेतले, तेव्हाही त्या गप्प राहिल्या. दारुड्याच्या घरात पोरगी कोण देणार, म्हणून मोरेश्वरचं लग्नही राहून गेलं.

"खरंच दाढ दुखे रे त्यायची," त्या म्हणाल्या आणि हमसून रडल्या.

"मले लेकरू नाही तेबी बरंच झालं. माह्यापाशीच थांबलं हे."

तो मनापासून बोलत होता. आजवर त्यानं बापाची लाजच बाळगली होती. आज ती गेली, आणि त्याला फार बरं वाटत होतं.

जेवायला वाढण्याआधी पंचफुलाबाईंनी डबीतून दोन लवंगा काढून भिवाजीच्या फोटोपुढे ठेवल्या.

पहिल्याच घासाला मोरेश्वरच्या हातून पाण्याचा गिलास सांडला. त्यांनी तो पुन्हा भरला, अर्धाच, आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं दाबून त्याच्या तोंडाशी धरला.